‘रूळ ओलांडणे’ ते ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’: इंग्रजी जेरंडचा मराठी आढावा

मध्य रेल्वेच्या कुठल्याही मोठ्या स्थानकावर, कल्याणला तर हमखास, तीन भाषांत एक ताकीद वाचायला मिळते. रेल्वेचे रूळ ओलांडणे हा दंडनीय अपराध आहे, अशा अर्थाची. मराठीत तिची सुरुवात ‘रूळ ओलांडणे’ने होते, हिंदीत ‘पटरी पार करना’ने आणि इंग्रजीत ‘क्रॉसिंग द ट्रॅक्स’ने. तिन्ही ओळींत वाक्याचा कर्ता माणूस नाही. कर्त्याच्या जागी बसली आहे एक क्रिया, आणि तीही एकटी आलेली नाही, आपलं कर्म सोबत घेऊन आलेली आहे. इंग्रजी व्याकरण या रूपाला ‘जेरंड’ म्हणतं. आपण शाळेत त्याला धातुसाधित नाम म्हणून शिकलो. क्लासमधली मुलं सरळ ‘आयएनजी फॉर्म’ म्हणतात.

ज्या कायद्याच्या जोरावर ही पाटी उभी आहे, तो १९८९ चा रेल्वे कायदा. त्यातल्या गुन्ह्यांच्या प्रकरणाचे मथळे इंग्रजीत वाचले तर हे रूप ओळीने भेटतं. कलम १५६ चा मथळा ‘ट्रॅव्हलिंग ऑन रूफ, स्टेप ऑर एंजिन ऑफ अ ट्रेन’, म्हणजे टपावरून, पायरीवरून किंवा इंजिनावरून प्रवास करणं. कलम १६६ ‘डिफेसिंग पब्लिक नोटिसेस’, सार्वजनिक सूचना खराब करणं. कलम १६७ चा मथळा तर एकाच शब्दाचा, ‘स्मोकिंग’. कायद्याला हे रूप का लागतं, ते उघड आहे. गुन्हा कोणी केला, केव्हा केला, केला की नाही, हे कोर्टात ठरायचं असतं. कायद्याला आधी कृत्याला नाव द्यावं लागतं. क्रियापदातून काळ आणि पुरुष काढून घेतले की उरतं ते हे नाव. मराठी ‘-णे’ आणि इंग्रजी ‘-इंग’ दोन्ही हेच काम करतात.

इथेच या विषयाचा खरा प्रश्न सुरू होतो. मराठी मुलाकडे जेरंडची सगळी यंत्रणा घरातूनच आलेली असते. कर्ता म्हणून, कर्म म्हणून, शब्दयोगी अव्ययाआधी, षष्ठीच्या मालकासह, कुठेही तो ‘-णं’ बिनचूक वापरतो, तेही शाळेत जाण्यापूर्वी. तरीही दहावी-बारावीपर्यंत, आणि पुढे नोकरीच्या अर्जातही, इंग्रजीतला जेरंड त्याला छळतो. माझं म्हणणं असं की, तो जिथे अडखळतो त्या जागा आपल्याला मराठीच्या आधाराने जवळजवळ आधीच सांगता येतात. आपली पुस्तकं मात्र त्या जागा सोडून भलतीकडेच भर देतात.

इंग्रजीतलं हे रूप आज एकच दिसत असलं, तरी मुळात ती दोन होती. जुन्या इंग्रजीत ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ हा प्रत्यय लागून नाम तयार होई आणि वर्तमानकालीन विशेषण ‘-एन्डे’ने होई. मध्ययुगीन इंग्रजीत या दोन्हींचा उच्चार आणि रूप एकमेकांत मिसळत जाऊन ‘-इंग’ हेच दोघांचं रूप झालं. नाम असलेल्या ‘-इंग’ला थेट कर्म घेण्याची ताकद त्याच काळात हळूहळू आली. आधी ते ‘द रीडिंग ऑफ द बुक’सारखंच चाले, पुढे ‘रीडिंग द बुक’ही चालू लागलं. आज इंग्रजीत दोन्ही आहेत.

मराठी वाचकाला ही जोडी परकी वाटायचं कारण नाही. ‘पुस्तकाचं वाचन’ आणि ‘पुस्तक वाचणं’ यांत नेमका तोच फरक आहे. ‘वाचन’, ‘लेखन’ ही संस्कृत ‘-अन’ प्रत्ययाची नामं कर्माला षष्ठीत ढकलतात. मराठीचं ‘-णं’ कर्माला हात लावत नाही. इंग्रजीत ‘द’ आणि ‘ऑफ’ आले की समजावं वाचन, नाही आले की वाचणं. एका बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा उदार आहे. इंग्रजीत ‘द केअरफुल रीडिंग ऑफ द बुक’ म्हणा किंवा ‘रीडिंग द बुक केअरफुली’ म्हणा. विशेषण हवं तर नामाची बाजू घ्यावी लागते, क्रियाविशेषण हवं तर क्रियापदाची. मराठीत आई सहज म्हणते, ‘तुझं हे रोजचं उशिरा उठणं मला पसंत नाही.’ ‘रोजचं’ हे विशेषण आणि ‘उशिरा’ हे क्रियाविशेषण एकाच ‘उठण्या’ला लागलेली आहेत आणि दोघांची अडचण होत नाही.

व्याकरणकारांनी या रूपाकडे कसं पाहिलं, याचा इतिहास दोन्ही भाषांत थोडा थोडा आपल्याकडचाच आहे. इंग्रजांनी मराठी शिकण्यासाठी मिशनरी विल्यम केरी यांनी मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरहून काढलं. त्याच सेरामपूरच्या कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, माहेर कल्याणचं असलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला वैद्यक शिकायला आपण का जात आहोत, हे इंग्रजीत सांगायला उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांना अठरावंही पुरं झालेलं नव्हतं. मराठीकडून इंग्रजीकडे जाणारा रस्ता शाळेच्या बाहेरही होता आणि त्यावरून चालणारी माणसं होती, याची ही सर्वांत ठळक नोंद. या दोन घटनांच्या मध्ये, १८३६ मध्ये, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आलं आणि त्यानंतर खूप पुढे, १९११ मध्ये, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. धातुसाधितं किंवा कृदन्तं म्हणून मराठीतल्या ‘-णे’, ‘-ऊन’, ‘-ताना’, ‘-णारा’, ‘-लेला’ या सगळ्या रूपांचा संसार आपल्या व्याकरणकारांनी मांडून ठेवलेला आहे. तो इंग्रजीच्या तासाला मात्र कोणी उघडत नाही.

इंग्रजीच्या तासाला उघडतं ते रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण. या जोडीतले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे कादंबरीकार म्हणून त्यांचं नाव झालं, पण महाराष्ट्रात ते घरोघर पोहोचले ते व्याकरणामुळे. त्यांच्या पुस्तकात जेरंडचे पाच उपयोग सांगितले आहेत: क्रियापदाचा कर्ता, सकर्मक क्रियापदाचं कर्म, प्रीपोझिशनचं कर्म, पूरक आणि वाक्यापासून सुटा. मांडणी नीटस आहे आणि चूक काहीच नाही. पण ती इंग्रजी आधीच येत असलेल्याला जे दिसतं त्याचं वर्गीकरण करून देते. न येणाऱ्याने ‘-इंग’ कधी वापरायचं आणि ‘टू’ कधी, याचं उत्तर त्या पाच खणांत नाही. त्याआधीच्या पिढ्यांनी गिरवलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला या बाबतीत मला जास्त शहाणी वाटते. ती मराठी वाक्य समोर ठेवून निघायची. भाषांतर पद्धतीची पुढे खूप निंदा झाली, त्यातली बरीच रास्त होती. बोलायला येत नाही आणि नुसतं उलथंपालथं करता येतं, हा आक्षेप खराच आहे. पण जेरंडसारख्या ठिकाणी मराठी वाक्याची आठवण ठेवणं हेच सगळ्यात जवळचं साधन होतं, आणि ते निंदेबरोबर वाहून गेलं.

इंग्लंडमध्ये या रूपावरून जो सगळ्यात गाजलेला वाद झाला, तो मालकीचा. ‘मला त्याचं येणं आवडलं नाही’ हे इंग्रजीत ‘हिज कमिंग’ म्हणून सांगायचं की ‘हिम कमिंग’ म्हणून? इंग्रज कोशकार एच. डब्ल्यू. फाउलर यांचा आग्रह षष्ठीचा. दुसऱ्या रूपाला त्यांनी ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ असं नाव देऊन ते त्याज्य ठरवलं. १९२५ च्या सुमारास डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी त्यांना जाहीर उत्तर दिलं. जुन्या आणि नव्या लेखकांची उदाहरणं पुढे ठेवून त्यांनी दाखवलं, की लोक शतकानुशतकं दोन्ही वापरत आले आहेत. आज निकाल साधारण येस्पर्सनच्या बाजूने लागला आहे. औपचारिक लेखनात, विशेषतः वाक्याच्या सुरुवातीला सर्वनाम असेल तर ‘हिज’, बोलताना बहुतेक वेळा ‘हिम’.

मराठीत या वादाचा जुळा भाऊ आहे आणि तो अधिक चांगला वागतो. ‘त्याचं असं तोडून बोलणं मला आवडलं नाही’ आणि ‘त्याने असं तोडून बोलणं मला आवडलं नाही’ ही दोन्ही वाक्यं आपण बोलतो. पहिल्यात मन त्याच्या बोलण्याच्या तऱ्हेवर जातं, दुसऱ्यात त्याने तसं केलं या गोष्टीवर. ‘सुनेचं नोकरी करणं’ आणि ‘सुनेने नोकरी करणं’ यांत तर घराघरातला वाद सामावलेला आहे: पहिलं चाललेल्या गोष्टीबद्दल, दुसरं करावं की नाही या प्रश्नाबद्दल. आणखी एक बारकावा. ‘तो येतो’ या वाक्यात ‘तो’ला ‘ने’ लागत नाही, ‘तो आला’ यातही नाही. पण ‘त्याने इतक्या रात्री एकट्याने येणं बरं नाही’ इथे लागतो. म्हणजे हा ‘ने’ सकर्मक भूतकाळातून उसना आलेला नाही. तो धातुसाधित नामाच्या कर्त्याचा स्वतःचा आहे. असा कर्ता ओळखीचा असलेल्या मुलाला ‘हिज कमिंग’ आणि ‘हिम कमिंग’ समजायला वेळ लागू नये. त्याला फक्त कोणीतरी सांगायला हवं, की हे तुझ्याकडे आहे.

आता मुख्य अडचणीकडे येतो, म्हणजे क्रियापदानंतर काय यावं. ‘एंजॉय’नंतर ‘-इंग’, ‘वॉन्ट’नंतर ‘टू’, ‘स्टॉप’नंतर दोन्ही पण अर्थ वेगळा. याच्या याद्या क्लासच्या नोट्समध्ये असतात, पाठ करायच्या. शंभराच्या आसपास क्रियापदं, दोन रकाने. मुलं त्या परीक्षेपुरत्या पाठ करतात आणि विसरतात, कारण यादीत कारण नसतं.

मराठीतही हा फरक आहे. आपल्याकडे दोन रूपं आहेत: एक ‘-णं’ आणि दुसरं ‘-आयला’ किंवा ‘-आयचं’. कोणतं क्रियापद कोणतं रूप मागतं ते बघा. ‘तो माझ्याशी बोलणं टाळतो.’ इथे ‘बोलायला टाळतो’ कोणीही मराठी माणूस म्हणणार नाही. ‘बाबांनी तंबाखू खाणं सोडलं.’ ‘लग्नानंतरही तिने शिकणं चालू ठेवलं.’ ‘त्यांनी घर घेणं पुढे ढकललं.’ आता यांचं इंग्रजी करा: ‘अव्हॉइड्स टॉकिंग’, ‘गेव्ह अप च्युइंग’, ‘केप्ट लर्निंग’, ‘पोस्टपोन्ड बाइंग’. प्रत्येक ठिकाणी ‘-णं’च्या जागी ‘-इंग’. उलट बाजू बघा. ‘मी पोहायला शिकलो’, ‘चावी आणायला विसरलो’, ‘त्यांनी यायला सांगितलं’, ‘आम्ही जायचं ठरवलं’, ‘तिला डॉक्टर व्हायचंय’. इंग्रजीत: ‘लर्न्ड टू स्विम’, ‘फरगॉट टू ब्रिंग’, ‘टोल्ड मी टू कम’, ‘डिसाइडेड टू गो’, ‘वॉन्ट्स टू बी’. प्रत्येक ठिकाणी ‘टू’.

हा योगायोग नाही. जी गोष्ट टाळायची, सोडायची, चालू ठेवायची, ती आधी अस्तित्वात असावी लागते, निदान मनात उभी असावी लागते. जी ठरवायची, जी हवी आहे, जी शिकायची, ती पुढे असते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी १९६० च्या दशकात इंग्रजीबद्दल असाच भेद मांडला होता: ‘-इंग’ घडलेल्या किंवा वस्तू म्हणून पाहिलेल्या क्रियेकडे झुकतं, ‘टू’ संभाव्य क्रियेकडे. मराठीने तोच भेद आपल्या दोन प्रत्ययांत बांधून ठेवला आहे.

शिक्षकांना सगळ्यात अवघड वाटणारी क्रियापदं इथे सगळ्यात सोपी होतात. ‘स्टॉप’ घ्या. ‘तो बोलायला थांबला’ म्हणजे चालता चालता थांबला, बोलण्यासाठी: ‘स्टॉप्ड टू टॉक’. ‘तो बोलायचा थांबला’ म्हणजे गप्प झाला: ‘स्टॉप्ड टॉकिंग’. ‘रिमेंबर’ घ्या. ‘दार लावायचं लक्षात ठेव’, म्हणजे अजून लावायचं आहे: ‘रिमेंबर टू लॉक’. ‘दार लावल्याचं आठवतंय’, म्हणजे लावून झालं आहे: ‘रिमेंबर लॉकिंग’. ‘फरगेट’चंही तसंच, ‘गॅस बंद करायला विसरले’ आणि ‘गॅस बंद केल्याचं विसरले’. यातलं पहिलं वाक्य घराला धोका सांगतं, दुसरं फक्त स्मरणशक्तीला. शेवटी ‘ट्राय’. ‘दार उघडायचा प्रयत्न केला’, म्हणजे उघडतंय की नाही अशी झटापट: ‘ट्राइड टू ओपन’. ‘दार उघडून पाहिलं’, म्हणजे उघडलं, काय होतं ते बघायला: ‘ट्राइड ओपनिंग’. इंग्रजीचे परदेशी विद्यार्थी ज्या चार क्रियापदांवर तासन्‌तास घालवतात, ती मराठी मुलाला चार वाक्यांत समजायला हवीत.

मग चुका होतात कुठे? ज्या थोड्या जागी मराठी ‘-आयला’ म्हणते आणि इंग्रजी ‘-इंग’ मागते, तिथे. ‘त्याने डॉक्टरकडे जायला सुचवलं’, म्हणून मुलं लिहितात ‘सजेस्टेड टू गो’, हवं असतं ‘सजेस्टेड गोइंग’. ‘पोहायला मजा येते’, म्हणून ‘एंजॉय टू स्विम’, हवं ‘एंजॉय स्विमिंग’. ‘काम करायला माझी हरकत नाही’, म्हणून ‘डोन्ट माइंड टू वर्क’, हवं ‘डोन्ट माइंड वर्किंग’. आणि सगळ्यांत पसरलेली, मोठमोठ्या कंपन्यांच्या पत्रांतही सापडणारी चूक: ‘तुम्हाला भेटायला उत्सुक आहे’चं ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. इथे मुलाचा गोंधळ समजण्यासारखा आहे. ‘टू’ दिसला की त्यापुढे धातू, हे त्याने एकदा नीट शिकलेलं असतं. पण हा ‘टू’ वेगळा. याच्यापुढे नाम चालतं, ‘लुकिंग फॉरवर्ड टू द हॉलिडेज’. जिथे नाम बसतं, तिथे धातूलाही नाम होऊनच बसावं लागतं. ‘लवकर उठायची सवय आहे’चं ‘यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ होतं तेही याच कारणाने. उलट दिशेची फट एखादीच: ‘रोज रिक्षाने जाणं परवडत नाही’ इथे आपलं ‘-णं’ आहे, तर इंग्रजीत ‘कान्ट अफोर्ड टू गो’.

म्हणजे शंभर क्रियापदांच्या याद्यांऐवजी शिकवायला हवीत ती ही पाच-सहा बेबनावाची ठिकाणं. बाकीचं मराठीच्या कानाने बरंचसं पार पडतं.

प्रीपोझिशननंतरचा जेरंड हा यापेक्षा वेगळा प्रश्न आहे. तिथे इंग्रजी सोपी आणि मराठी श्रीमंत. ‘झोपण्यापूर्वी’, ‘रडण्याऐवजी’, ‘शिकण्यात रस’ यांत ‘-ण्या-’ आहे. ‘आल्याबद्दल आभार’, ‘जेवल्यानंतर’ यांत ‘-ल्या-’ आहे. ‘न सांगता’ हे तिसरंच, ‘मेहनत करून’ हे चौथं. इंग्रजीत या सगळ्यांना एकच रूप: ‘बिफोर स्लीपिंग’, ‘इन्स्टेड ऑफ क्राइंग’, ‘थँक्स फॉर कमिंग’, ‘विदाउट टेलिंग’, ‘बाय वर्किंग हार्ड’. मराठी मुलाला इथे आपली श्रीमंती विसरायची असते. प्रीपोझिशनपुढे क्रिया आली की ‘-इंग’. ‘बट’ आणि ‘एक्सेप्ट’ सोडले तर अपवाद शोधायला जाऊ नये.

जेरंड आणि वर्तमानकालीन विशेषण यांतला फरक शिकवावा की नाही, यावर जाणकारांतच दुमत आहे. १९८५ मध्ये रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांनी आपल्या मोठ्या व्याकरणात ‘-इंग’ शब्दांची एक उतरंड मांडून दाखवली, एका टोकाला पक्कं नाम, दुसऱ्या टोकाला पक्कं क्रियापद, आणि मध्ये अनेक पायऱ्या. २००२ च्या ‘केंब्रिज ग्रामर’मध्ये रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी पुढे जाऊन दोन्हींना एकाच नावाखाली आणलं, ‘जेरंड-पार्टिसिपल’. इंग्रजीपुरतं त्यांचं म्हणणं मला पटतं: रूप एकच असेल तर दोन पेट्या कशाला? पण मराठी मुलासाठी पेट्या वेगळ्या राहिलेल्याच बऱ्या, कारण मराठीत त्या वेगळ्याच आहेत आणि कसोटी हाताशी आहे. ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पिण्याचं पाणी, तर ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतं पाणी. ‘वेटिंग रूम’ म्हणजे वाट पाहण्याची खोली, खोली वाट पाहत नसते. ‘रनिंग ट्रेन’ म्हणजे चालती गाडी. मराठी करताना ‘-ण्याचा’ आला तर जेरंड, ‘-ता’, ‘-णारा’, ‘-लेला’ यांपैकी काही आलं तर विशेषण. भाषाशास्त्रज्ञ नोआम चॉम्स्कींमुळे प्रसिद्ध झालेलं ‘फ्लाइंग प्लेन्स’चं द्व्यर्थी वाक्य मराठीत द्व्यर्थी करताच येत नाही. एकतर ‘विमानं उडवणं’ धोक्याचं असतं, नाहीतर ‘उडणारी विमानं’ धोक्याची असतात.

खुद्द मराठीने ‘-इंग’ला घरात कसं घेतलं, हेही पाहण्यासारखं आहे. रेल्वेच्या गावात तर हे शब्द रोजचे: शंटिंग, क्रॉसिंग, सिग्नलिंग, बुकिंग, वेटिंग. ‘बुकिंग झालं’, ‘ट्रेनिंग संपलं’, ‘पार्किंग मिळालं’, ‘शूटिंग रखडलं’. बहुतेकांना आपण नपुंसकलिंग दिलं, जे ‘-णं’चंच लिंग आहे. कोणी ठरवून दिलं नाही. बोलणाऱ्याच्या कानाला हे क्रियेचं नाव आहे एवढं कळलं आणि त्याने ते ‘बोलणं’, ‘चालणं’च्या शेजारी बसवलं. ‘मीटिंग’ मात्र स्त्रीलिंगी झाली, बहुधा ‘सभा’ आणि ‘बैठक’ यांच्या ओढीने. ज्या माणसाला जेरंडची व्याख्या येत नाही, तोही तो ओळखतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा नसेल.

शाळेत काय चालतं ते थोडक्यात. महाराष्ट्रात २०००-०१ पासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी ती पाचवीपासून असे. वर्षं वाढली, पण जेरंडची जागा बदलली नाही. तो वरच्या वर्गांत, ‘डू ॲज डायरेक्टेड’च्या प्रश्नात भेटतो: वाक्य जेरंड वापरून पुन्हा लिहा. मुलं ‘टू वॉक इज गुड’चं ‘वॉकिंग इज गुड’ करतात आणि गुण मिळवतात. कर्त्याच्या जागचा हा जेरंड मराठी मुलाला सगळ्यात कमी अवघड आहे, ‘चालणं चांगलं’ इतका सरळ. परीक्षेत मात्र सगळा सराव इथेच होतो. ‘सजेस्ट’ आणि ‘लुक फॉरवर्ड’च्या ज्या जागी मूल अडतं, ती जागा प्रश्नपत्रिकेत क्वचित येते आणि नोकरीच्या पहिल्या ई-मेलमध्ये नक्की येते. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीसमोर बिचकलेली मुलं पाहिली की मला याचा संताप येतो. त्यांना जे येतं तेच पुन्हा विचारलं जातं, आणि जे येत नाही ते त्यांच्याच दोषात जमा होतं.

कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. इथल्या वर्गात एका बाकावर आगरी बोलणारा मुलगा, दुसऱ्यावर विदर्भातून आलेल्या कुटुंबातली मुलगी, तिसऱ्यावर सिंधुदुर्गातला, आणि उल्हासनगरकडून येणारी हिंदी बोलणारी मुलं. मराठीच्या या बोलींत दोन रूपांचा भेद शाबूत आहे, प्रत्यय फक्त बदलतो. वऱ्हाडीत ‘कराले’, मालवणीत ‘करूक’, आगरीत ‘ण’चा ‘न’ होऊन ‘करनं’, पण टाळायचं ते नाम आणि शिकायचं ते दुसरं रूप, हे प्रत्येक बोलीत तसंच. हिंदीत हा भेद एकाच ‘-ना’त मिटतो: ‘बोलना बंद किया’, ‘बोलना सीखा’, ‘बोलना चाहता है’. हिंदीवर बेतलेली स्पोकन इंग्लिशची रीत मराठी वर्गात जशीच्या तशी आणली की मराठी मुलाच्या हातातली ही गोष्ट काढून घेतली जाते, आणि हिंदी बोलणाऱ्या मुलाला तर ती मुळात मिळालेलीच नसते. त्याला यादीशिवाय इलाज नाही, निदान सुरुवातीला. म्हणून एकाच वर्गात शिकवणाऱ्या बाईंना दोन वाटांनी जावं लागेल. मराठी मुलांना त्यांच्याच बोलीतली वाक्यं विचारायची, ‘थांबला’ची दोन, ‘विसरला’ची दोन, आणि हिंदी मुलांना त्याच वाक्यांतून भेद नव्याने दाखवायचा. मालवणी मुलाला ‘करूक’ चुकीचं आहे असं सांगून प्रमाण रूपाकडे ओढलं, तर इंग्रजीच्या आधीच त्याचा धागा तुटतो. तेव्हा फळ्यावर आधी ‘करूक’, ‘कराले’ आणि ‘करायला’ शेजारी शेजारी लिहावं, त्यांच्यासमोर ‘टू डू’, आणि खालच्या ओळीत ‘करणं’, ‘करनं’, ‘डूइंग’. मग पुस्तक उघडावं.